गाडीला गंज थांबवणारं विजेचं यंत्र बसवावं का?

प्रश्न देवबागच्या एका चाकरमान्याचा आहे. नवी गाडी घेतली आहे. वर्षातले काही महिने ती ठाण्यात असते आणि उरलेला काळ गावच्या घरासमोर, समुद्रापासून दीडशे पावलांवर. शोरूममध्ये त्यांना १६ हजारांत 'इलेक्ट्रॉनिक गंजरोधक' बसवून देतो म्हणाले. बॅटरीला दोन वायरी जोडायच्या, बॉनेटखाली रंगावर दोन चकत्या चिकटवायच्या, हिरवा दिवा लागला की १० वर्षं पत्र्याची काळजी नाही. घ्यावं का? आणि जुन्या गाडीत असंच एक बसवलेलं आहे, त्याचं काय करावं?

पहिल्याचं उत्तर: नको. दुसऱ्याचं शेवटी सांगतो.

नुसतं 'नको' म्हणून तुमचं समाधान होणार नाही, कारण विकणाऱ्याचं बोलणं सगळंच खोटं नसतं. निम्मं खरं शास्त्र असतं आणि माणूस त्या खऱ्या निम्म्यालाच फसतो. मी मालवणात सत्तावीस वर्षं डेंटिंग-पेंटिंग करतोय. दारापासून तीन-चारशे मीटरवर समुद्र आहे, म्हणजे गंज हा माझा पोटापाण्याचाच विषय. ही यंत्रं खरोखर चालली असती तर मी ती विकली असती. पत्रा कापून टाके मारण्यापेक्षा बरा धंदा झाला असता.

आधी गंज म्हणजे काय ते डोळ्यांनी बघा. पत्र्याचा एखादा तुकडा पॉलिश पेपरने चकचकीत घासा आणि त्यावर खाऱ्या पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंब सुकू द्यायचा नाही. तासाभरात थेंबाच्या मधोमध पत्रा काळपट दिसायला लागेल, कडेची पट्टी मात्र चकचकीतच राहील, आणि दोन्हींच्या मध्ये तांबूस कडं धरेल. कडेला हवेतला प्राणवायू भरपूर मिळतो, मध्ये कमी मिळतो. त्यामुळे मध्यभागी लोखंड विरघळतं, त्यातले इलेक्ट्रॉन पत्र्यातूनच कडेकडे जातात आणि तिथे प्राणवायू ते घेतो. म्हणजे त्या एका थेंबाखाली एक बारीकशी बॅटरी चालू असते, आणि तिचं खाणं म्हणजे तुमचा पत्रा. मीठ असलं की पाण्यातून वीज सहज वाहते, ही बॅटरी जोरात चालते, आणि लोखंडावर धरलेला संरक्षक पापुद्राही मीठ टिकू देत नाही.

आता खरं निम्मं. गंज हा विजेचा खेळ आहे, तर विजेनेच तो थांबवता येतो, आणि थांबवतातही. इंग्लंडमध्ये हम्फ्री डेव्हीने १८२४ मध्येच हे दाखवलं होतं. जहाजांच्या बुडाला ठोकलेला तांब्याचा पत्रा समुद्राचं पाणी खायचं, म्हणून त्याने तांब्याला लोखंडाचे आणि जस्ताचे तुकडे जोडले. तुकडे झिजले, तांबं वाचलं. जमिनीखालच्या गॅसच्या आणि तेलाच्या पाइपलाइनींना आज अशीच वीज देतात, मोठ्या जहाजांच्या बुडालाही देतात. लांब कशाला, मालवणच्या किंवा सर्जेकोटच्या बंदरात दुरुस्तीला वर ओढलेल्या ट्रॉलरची मागची बाजू बघा. सुकाणूपाशी, पंख्याजवळ जस्ताचे ठोकळे बसवलेले दिसतील, कुरतडलेल्या चिक्कीसारखे. ते झिजतात म्हणून पंखा आणि शाफ्ट टिकतो.

पण त्या ठोकळ्याचं मर्म मला एका म्हाताऱ्या मच्छीमाराने सांगितलं, कुठल्या इंजिनियरने नाही. त्याची टेम्पो माझ्याकडे मडगार्ड बदलायला आली होती. मी गमतीने विचारलं, होडीला लावता तसं जस्त टेम्पोला का नाही लावत? तो म्हणाला, "ठोकळो पाण्यात असलो तरच काम करता. होडी सुक्याक काढली की तो नुसतो धोंडो."

सगळी मेख तिथेच आहे. वीज देऊन लोखंड वाचवायचं तर ती वीज एका टोकापासून *पाण्यातून* किंवा ओल्या मातीतून वाहत येऊन लोखंडाच्या पृष्ठभागावर पोचली पाहिजे. होडीभोवती समुद्र आहे, पाइपलाइनीभोवती ओली जमीन आहे. तुमच्या गाडीभोवती हवा आहे. हवेतून वीज येत नाही. गाडीवर पाणी असतं ते सुटं सुटं: दाराच्या खालच्या घडीत एक ओल, चाकाच्या कमानीत चिखलाचा एक गोळा, सिलच्या, म्हणजे दाराखालच्या पोकळ पट्टीच्या, आत चार थेंब. बॉनेटखाली चिकटवलेल्या चकतीचा आणि डिक्कीखालच्या त्या थेंबाचा पाण्याने काहीही संबंध नाही. संरक्षण पोचायचं कुठून?

यावर शोरूमवाला म्हणेल, वीज पत्र्यातून सगळीकडे पोचते ना! पत्र्यातून पोचते, कबूल. पण पत्र्याच्या आतून वीज धावणं वेगळं आणि पाण्यातून पत्र्यात वीज शिरणं वेगळं. गंज थांबतो तो दुसऱ्या प्रकाराने. पहिल्याने थांबत असता तर तुमची गाडी आधीच सुरक्षित असती, कारण तिची अख्खी बॉडी कारखान्यातूनच बॅटरीच्या मायनसला जोडून येते. हेडलाइट, हॉर्न, स्टार्टर, सगळ्यांचा परतीचा रस्ता बॉडीच. तरीही पत्रा सडतो, आणि माझी चूल पेटते.

काही यंत्रवाले आणखी पुढे जातात. चकती रंगावर चिकटवलेली असते आणि रंग वीज अडवतो, म्हणून ते 'कपॅसिटर', 'स्पंदनं', 'पृष्ठभागावरचा प्रवाह' असे शब्द काढतात. शब्दांना घाबरू नका. त्यांना एकच विचारा: तुमच्या यंत्राने मागच्या मडगार्डच्या आतल्या पत्र्याचा विद्युतदाब किती बदलला, आणि तो कुठे मोजायचा? पाइपलाइनवाला इंजिनियर मातीत तांबं आणि मोरचुदाचा मापक टेकवून उणे ०.८५ व्होल्ट आले का बघतो. आले तर लोखंड सुरक्षित. हा आकडा तपासता येतो, भांडता येतो. गाडीच्या बाबतीत मापक टेकवायलाच सलग ओली जागा नाही. हिरवा दिवा एवढंच सांगतो की यंत्राला बॅटरीची वीज मिळते आहे.

आणि ते काचेचे दोन पेले! प्रात्यक्षिक तुम्हालाही दाखवलं असेल. दोन पेल्यांत मिठाचं पाणी आणि प्रत्येकात एक पत्र्याचा तुकडा. एकाला यंत्र जोडलेलं, दुसऱ्याला नाही. आठवड्याने एक स्वच्छ, दुसरा लाल. त्यात हातचलाखी असेलच असं नाही. पेल्यात चालणारच, पेला म्हणजे छोटा समुद्र. तुम्ही गाडी पेल्यात ठेवत असाल तर यंत्र जरूर घ्या.

मी स्वतःही एकदा बघितलं होतं. पाच-सहा वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाने असलं यंत्र काढून माझ्याकडेच टाकलं होतं. भंगारातल्या एका दाराच्या पत्र्याचे दोन सारखे तुकडे कापले, दोन्हींवर खिळ्याने फुलीसारखे ओरखडे पत्र्यापर्यंत मारले आणि गॅरेजच्या मागच्या, समुद्राकडच्या भिंतीला वळचणीखाली टांगले. एकाला जुन्या बॅटरीवर ते यंत्र जोडलं, बॅटरी अधूनमधून चार्ज करत राहिलो. मे महिन्यात टांगलेले तुकडे गणपतीनंतर उतरवले. दोन्ही फुल्यांच्या कडेला रंग सारखाच फुगला होता. नखाने उचलला तर खाली तीच तपकिरी भुकटी. कुठला तुकडा कुठला ते वायर बघूनच कळत होतं. दोन तुकड्यांवरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. पण १६ हजारांच्या वस्तूचा थोडासा तरी फरक डोळ्यांना दिसायला हवा होता.

अमेरिकेत हे नाटक आपल्या आधी होऊन गेलं. तिथे 'रस्ट इव्हेडर' नावाचं असंच यंत्र विकलं जायचं. १९९० च्या दशकात तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने उत्पादकावर कारवाई केली, कारण गंज थांबतो या दाव्याला पुरेसा आधार नव्हता. नाव बदलून, डबा बदलून तीच कल्पना अजून फिरते आहे.

विजेने गाडीतला गंज *वाढतो*, हे मात्र मी जवळजवळ रोज बघतो. मागच्या दिव्याच्या होल्डरमध्ये खारं पाणी शिरलं की प्लसची पिन आधी हिरवी पडून खाऊन जाते, मायनसची बहुधा शाबूत असते. वीज पाण्यातून जिथून निघते तो धातू झिजतो आणि जिथे शिरते तो वाचतो. होडीच्या जस्ताचाच नियम, फक्त उलट्या बाजूने. म्हणून गाडीत जास्तीच्या वायरी ओढून, टोचे मारून, टेप गुंडाळून ठेवणं खाऱ्या हवेत मला मुळीच आवडत नाही. शिवाय यंत्र गाडी बंद असतानाही थोडी वीज खातं. समजा २० मिलिअँपिअर. महिन्याला साधारण १४ अँपिअर-तास झाले. लहान गाडीची बॅटरी ३५ ची, त्यात गाडीचं घड्याळ, अलार्म वगैरेंचं खाणं वेगळं. गणपतीत येऊन दिवाळीला परत आलात तर गाडी धक्क्यावर.

वॉरंटीचा कागद आणून दिलात तर बरं होईल, पण न बघताही साधारण अंदाज आहे. असल्या कागदांत बहुतेक वेळा आतून बाहेर भोक पडलं तरच भरपाई मिळते. खडी लागून उडालेला रंग, ओरखडे, सायलेन्सर, चेसिस हे सगळं वगळलेलं असतं. दरवर्षी ठराविक महिन्यात तपासणी करून शिक्का घ्यावा लागतो, गाडी नियमित धुवावी लागते. जो माणूस दरवर्षी गाडी उचलून तपासतो आणि नियमित धुतो, त्याची गाडी यंत्राशिवायही टिकते.

गंमत अशी की वीज वापरून गंज रोखण्याचं सगळ्यात भारी काम तुमच्या गाडीवर आधीच झालेलं आहे. कारखान्यात रंग देण्याआधी पूर्ण बॉडी प्रायमरच्या टाकीत बुडवतात आणि काही शे व्होल्ट देतात. प्रायमरचे कण विजेने ओढले जाऊन पत्र्यावर, सांध्यांत, पोकळ भागांच्या आतसुद्धा बसतात, मग भट्टीत भाजतात. तिथे वीज चालते, कारण बॉडी टाकीत बुडलेली असते. पुन्हा तोच पेला. त्याखेरीज आजच्या बऱ्याच गाड्यांच्या काही पत्र्यांना जस्ताचा मुलामा असतो. घराच्या पडवीवरचा जस्ती पत्रा कापला तर कापलेली कड लगेच लाल होत नाही, जस्त तेवढी कड सांभाळतं, तसंच हे. हा मुलामा आणि हा प्रायमर जिथे तुटतो तिथून गंज शिरतो, आणि आपलं काम तेवढ्याच जागा राखायचं आहे.

त्या जागा कोकणात कुठल्या, ते सांगतो. हे ऐकायला माझ्याकडे कोणी येत नाही, टाके मारायला मात्र येतात.

समुद्राच्या पाण्यात साधारण साडेतीन टक्के मीठ असतं, पण हवेतून येणारं मीठ नुसतं खाण्याचं मीठ नसतं. खाण्याचं मीठ हवेत ७५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता झाली की पाणी ओढून पाझरायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचा क्षार असतो, तो साधारण ३३ टक्क्यांनाच पाणी ओढतो. किनाऱ्यावर हवा त्याहून कोरडी क्वचितच होते. म्हणजे पत्र्यावर बसलेलं समुद्राचं मीठ बारा महिने ओलसर. पाऊस नाही, गाडी कोरडी आहे, असं आपल्याला वाटतं. बोट फिरवून बघा, चिकट लागतं.

लोक पावसाला घाबरतात. मी उलट सांगतो: जिथे पावसाचं गोडं पाणी सरळ पडतं ती टप आणि बॉनेट धुऊन निघतात. सडतं ते गाडीचं पोट, जिथे मीठ उडतं पण पाऊस पोचत नाही. कुडाळ-कणकवलीच्या गाड्या आणि देवबाग-तारकर्लीच्या गाड्या एकाच वर्षाच्या, एकाच कंपनीच्या असल्या तरी रॅम्पवर घेतल्या की खालून ओळखता येतात. वाऱ्यातलं मीठ किनाऱ्यापासून आत जाईल तसं झपाट्याने कमी होतं.

त्यात आपला जांभा. तांबडा चिखल मागच्या चाकाच्या कमानीत, मडगार्डच्या आतल्या ओठावर बसतो, सुकतो, पुन्हा भिजतो. स्पंजसारखा तो मीठ आणि ओल धरून ठेवतो. बाहेरून गाडी चकाचक असते. मागच्या वर्षी एक सात वर्षांची पांढरी गाडी आली, मडगार्डला करंगळीएवढा फोड. मालक म्हणाला, एवढाच पॅच मारून द्या. स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तर आरपार गेला. आतून मूठभर तांबडी माती निघाली, अजून दमट, आणि त्या मातीत आंब्याच्या पानांचे तुकडे. गाडी झाडाखाली लावायचे. पानं वायपरखालच्या जाळीतून आत उतरून नळ्या बुजवतात, पाणी भलतीकडे वळतं. फोड करंगळीचा आणि कापावा लागला वीतभर पत्रा.

म्हणून तुमच्या १६ हजारांतून आधी हे करा. गाडी नवी आहे, आतून स्वच्छ आहे, हीच वेळ. पोकळ भागांत, म्हणजे सिल, दारांचा तळ, डिक्कीच्या कडा, बॉनेटची घडी, यांत मेणाचं तेलकट फवारणीचं कोटिंग करून घ्या. लांब नळी घालून आत फवारतात ते. पोटाला कोटिंग करायचं तर फेब्रुवारी ते मेच्या मध्यापर्यंत, गाडी खालून धुऊन दोन दिवस कडक उन्हात सुकवून मगच. आत ओल असताना वर डांबरी काळं कोटिंग मारलं तर ते गंजाला पांघरूण घातल्यासारखं होतं: वरून काळंभोर, आतून पोखरलेलं. कोटिंगवाल्याच्या डोक्यावर उभे राहा, कारण दारांच्या आणि सिलच्या तळाला पाणी जाण्यासाठी ठेवलेली भोकं ते सर्रास बुजवतात. ती बुजली की दार म्हणजे बादली.

भोकं साफ करायला तार वापरू नका, तारेने प्रायमर खरवडतो. माडाच्या झावळीचा हीर घ्या, खराट्यातला ओढला तरी चालतो. पावसाच्या आधी आणि नंतर प्रत्येक दाराच्या खालच्या भोकांतून फिरवा. पाणी टपकलं तर समजा, बरं झालं बघितलं.

जुनी माणसं जळकं ऑइल फासायची. त्याने गंज थोडा थांबतो, हे खोटं नाही. पण ते रबराचे बुश फुगवतं, धूळ धरतं आणि पावसात वाहून विहिरीकडे जातं. आता करू नका.

दर्यावर गाडी घालू नका. मुरुडला, गुहागरला, आपल्याकडे तारकर्लीला फोटोसाठी लाटेत गाडी घालणारे बघितले की माझ्या हाताला खाज सुटते. एकदा घातलीच, किंवा दाभोळ-धोपावेसारख्या फेरीच्या उतारावर खारं पाणी उडालं, तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने पोट धुवा. प्रेशर लागत नाही. अंगणात बागेतला फिरता फवारा गाडीखाली वीस मिनिटं सोडला तरी चालतं. मीठ विरघळायला जोर नको, वेळ हवा.

आणि ती ताडपत्री काढा. गाव सोडताना गाडी गवतावर उभी करून, वर प्लॅस्टिक घालून, दोरीने आवळून लोक निर्धास्त ठाण्याला जातात. खालून जमिनीची वाफ, वरून प्लॅस्टिक. आत गाडी उकडते तांदळासारखी. चारी बाजूंनी वारा खेळणाऱ्या शेडमध्ये, लाद्यांवर किंवा काँक्रीटवर, उघडी ठेवलेली बरी. खडी लागून उडालेल्या रंगाचा टिपका दिसला तर तो आठवड्यात चमकेपर्यंत घासून प्रायमर-रंग लावायचा, पुढच्या सुट्टीची वाट बघायची नाही. ब्रेकच्या डिस्कवर रात्रीत लाल पापुद्रा येतो त्याची मात्र काळजी करू नका, दोन ब्रेक मारलेत की जातो.

राहिलं जुन्या गाडीतलं यंत्र. ते पत्र्याचं काही बिघडवत नसेल, पण गाडी बरेच दिवस उभी ठेवताना त्याचा फ्यूज काढून ठेवा. पुढच्या वेळी बॅटरी बदलाल तेव्हा वायरीसकट काढा आणि बॉडीला स्क्रूसाठी भोक पाडलं असेल तर ते घासून, प्रायमर लावून बुजवा. मी आजवर काढलेल्या दोन यंत्रांपैकी एकाच्या स्क्रूभोवतीच गंज धरला होता.

गणपतीला याल तेव्हा गाडी घेऊन या. शटर उघडायच्या आधी आलात तर रॅम्प रिकामा असतो. मागच्या चाकावर हात आत घालून बघू, माती निघते का.